जुन्या गाडीच्या इंजिनाचा मूळ रंग: शोधायचा कसा, जुळवायचा कसा, द्यायचा कसा

डायनॅमोची ब्रॅकेट सुटली आणि तिच्याखाली अंगठ्याच्या नखाएवढा हिरवा तुकडा दिसला. बाकीचं इंजिन लालभडक होतं. फोंड्याच्या गॅरेजात आलेली ती मॉरिस मायनर मालकाच्या आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत घेतलेली, आणि घरातल्या सगळ्यांचं ठाम म्हणणं होतं की तिचं इंजिन पहिल्यापासून लालच आहे. मी वायर ब्रश हातात घेतलाच होता. मेस्त, म्हणजे आमचे मिस्त्री, म्हणाले, "थांब रे, घासू नको. आधी खाली काय आहे ते बघूया."

त्या एका वाक्याने मला पुढची सगळी कामं शिकवली. त्याआधी मी उलट दिशेने जात असे: आधी दुकानात जाऊन 'इंजिनाचा रंग' म्हणून मिळेल तो डबा आणायचा, मग इंजिन खरवडून चकचकीत करायचं आणि फासायचं. खरवडताना मूळ रंगाचा शेवटचा पुरावा आपण कचऱ्यात टाकतोय हे लक्षातच येत नसे. गाडीच्या अंगाचा रंग निदान जुन्या फोटोत सापडतो. इंजिनाचा फोटो कोण काढून ठेवतो? म्हणून डबा सगळ्यात शेवटी. आधी इंजिन वाचायचं.

कुठल्या घराण्याचं इंजिन आहे ते ओळखा

सुरुवात इंजिन नंबरापासून करा. नंबर आणि त्याच्या आधीची अक्षरं चुन्याने किंवा खडूने भरून फोटो काढा. गाडीबरोबर आलेलं इंजिन तेच आहे की मधल्या काळात बदललंय, हे इथे ठरतं आणि रंगाची अर्धी शंका इथेच मिटते. मॉरिस बनवणाऱ्या बीएमसी कंपनीच्या ए आणि बी मालिकेतली बरीच इंजिनं हिरवी असत. पण त्याच कंपनीने कारखान्यात नव्याने बांधून दिलेली 'गोल्ड सील' इंजिनं सोनेरी रंगाची होती. म्हणजे मॉरिसमध्ये सोनेरी इंजिन दिसलं तर कुणीतरी हौसेने रंगवलं असं लगेच म्हणू नका, ते बदली आलेलं इंजिन असू शकतं आणि सोनेरी हाच त्याचा खरा रंग. एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही बी मालिकेचंच इंजिन, पण तिथे ते मरून रंगाचं. एकच कारखाना, एकच ओतकाम, रंग मात्र वेगळा.

लष्कराच्या जीपगाड्यांचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. दुसऱ्या महायुद्धातली विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन जीप एकाच आराखड्यावर बनल्या, सुटे भाग एकमेकींना बसतात. तरी विलीसचं इंजिन ऑलिव्ह हिरवं आणि फोर्डचं राखाडी. विलीसच्या चासीत राखाडी इंजिन दिसलं तर दोन गाड्यांची एक केलेली आहे, हे जाणकार बॉनेट उघडताक्षणी ओळखतो. अमेरिकन गाड्यांत शेव्हरोलेचं १९५५ सालापासूनचं व्ही-८ नारिंगी, पण त्याच शेव्हरोलेचं त्याआधीचं सहा सिलिंडरचं इंजिन राखाडी. फोर्डने १९६६ पासून बहुतेक इंजिनांना एकच निळा रंग द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या फोर्डला तो निळा दिला तर चूकच होते. जॅग्वारच्या एक्सके इंजिनात तर हेडचा रंग पाहून हेडची जात कळते: सी-टाइप हेड लाल, ३.८ लिटरच्या पहिल्या ई-टाइपचं हेड सोनेरी.

आणि काही इंजिनांना रंग द्यायचाच नसतो. फोक्सवॅगन बीटलचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, तो उघडाच असतो. काळे असतात ते वारा फिरवणारे पत्रे. आपल्याकडच्या फिॲट ११०० आणि पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. त्या हेडला चंदेरी रंग फासलेला मी कितीदा पाहिलाय! ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियमसारखं दिसण्यासाठी रंगाची गरज नसते. ते स्वच्छ करा आणि सोडून द्या.

गोव्यात ही चौकशी जरा जास्तच नेटाने करावी लागते. १९६१ पूर्वी इथे युरोपातून थेट गाड्या येत. मर्सिडीज १८०डी तर टॅक्सी म्हणून धावत होत्या. पुढे त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा मेकॅनिकांनी जे हाताशी होतं ते बसवून गाड्या चालत्या ठेवल्या. त्यांनी ते केलं म्हणूनच आज आपल्यासमोर गाडी उभी आहे. पण त्यामुळेच पुस्तकातला रंग आणि समोरचं इंजिन यांचा मेळ बसेलच असं नाही.

मूळ रंग कुठे लपलेला असतो

ज्या दोन भागांच्या मध्ये नंतरच्या माणसाचा ब्रश पोचू शकला नाही, तिथे. डायनॅमोच्या ब्रॅकेटखाली, इंजिन माउंटिंगच्या पायांखाली, पेट्रोल पंप बसतो त्या जागेभोवती, वॉटर पंपाच्या मागे, टायमिंग कव्हरच्या खालच्या ओठाला, नंबरपट्टी रिव्हेटने बसवलेली असेल तर तिच्या कडेला. सेल्फ काढल्यावर बेल हाउसिंगजवळ जो कोपरा दिसतो तिथे बहुधा तेल-मातीचा थर बसलेला असतो, आणि त्या थरानेच रंग राखलेला असतो. एक लक्षात ठेवा: काही ब्रॅकेट कारखान्यात रंग मारण्याआधी बसवत, काही नंतर. आधी बसवलेल्या ब्रॅकेटखाली नुसतं बीड सापडेल. त्यावरून 'इथे रंगच नव्हता' असा निष्कर्ष काढू नका, दुसरी जागा शोधा.

एक्झॉस्टच्या जवळचा नमुना कधीच धरू नका. उष्णतेने हिरवा तपकिरी होतो, निळा हिरवट दिसतो, नारिंगी मळकट पडतो.

धुताना डिझेल आणि मऊ ब्रश घ्या. कॉस्टिक सोडा अजिबात नको. एक तर ॲल्युमिनियमला तो खाऊन टाकतो. दुसरं म्हणजे त्या काळातले बरेच हिरवे रंग पिवळा क्रोम आणि प्रशियन निळा मिसळून केलेले असत, आणि प्रशियन निळा क्षारात टिकत नाही. सोड्याने धुतलेला हिरवा नमुना पिवळट-तपकिरी होतो आणि तुम्ही भलताच रंग 'मूळ' म्हणून जुळवत बसता.

थर उघडणे

नमुन्याची जागा सापडली की १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी गोल गोल घासा. दाब मधोमध जास्त, कडेला कमी. हळूहळू झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी वलयं उघडतात. त्या मॉरिसवर बाहेरून आत लाल, चंदेरी, हिरवा आणि मग करडं बीड अशी चार वलयं उघडली. चंदेरी आणि हिरव्याच्या मध्ये तेलाची बारीक काळी रेघ होती. म्हणजे चंदेरी रंग वापरलेल्या, न धुतलेल्या इंजिनावर मारलेला होता. हिरव्याखाली तशी रेघ नव्हती, तो थेट स्वच्छ बिडावर होता. मूळ थर ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

कोरडं घासू नका. जुन्या पिवळ्या, हिरव्या, नारिंगी रंगांत शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा प्रत्यक्ष लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, तर हे रंग साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे आहेत. धूळ उडवायची नाही, ओला गाळ फडक्याने टिपून वेगळ्या पिशवीत घालायचा आणि मुलांना त्या दिवशी गॅरेजात येऊ द्यायचं नाही.

आता एक बारकावा, जो कळायला मला बरीच वर्षं लागली. तेलावर बनलेला जुना इनॅमल अंधारात पिवळसर होतो आणि उजेडात त्यातला काही पिवळेपणा निघून जातो. आपण नमुना शोधतो तो नेमका अंधाऱ्या, झाकलेल्या जागेतला. म्हणून उघडलेला नमुना लगेच जुळवू नका. सुटा भाग असेल तर चार-पाच दिवस खिडकीत उजेडात ठेवा, मग बारीक रबिंग कंपाउंडने हलकं पॉलिश करा. आमचा हिरवा पहिल्या दिवशी शेवाळ्यासारखा दिसत होता, आठवड्याने तो बराच थंड, निळसर छटेचा झाला.

रंग जुळवणे

नमुना घेऊन रंग मिसळणाऱ्या दुकानात जा, शक्यतो जिथे रंग मोजायचं मशीन आहे तिथे. मशीनला सपाट आणि निदान दोन-तीन सेंटिमीटरचा डाग लागतो. ओबडधोबड बिडावर ते फसतं. म्हणून इंजिनावरून थेट न मोजता पेट्रोल पंपाच्या जागेवरची झाकणपट्टी किंवा टॅपेट कव्हरची आतली कड असा सुटा, सपाट भाग सोबत न्या. मशीनने दिलेलं सूत्र ही फक्त सुरुवात असते. शेवटचा निर्णय डोळ्यांचा.

त्यासाठी चार इंचांचे पत्र्याचे सहा-सात तुकडे कापून घ्या. प्रत्येकावर तोच प्रायमर, तेवढेच हात, आणि मागे मार्करने मिश्रणाचं प्रमाण लिहा. इनॅमल वाळताना गडद होतो, तेव्हा ओल्या रंगावरून मत बनवू नका. तुकडे नमुन्याला चिकटवून सकाळी दहाच्या सुमारास सावलीत, मोकळ्या उजेडात बघा. मग गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली बघा. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, कारण आजची रंगद्रव्यं जुन्यांपेक्षा वेगळी आहेत. दोन्हीकडे जुळत नसेल तर दिवसाचा उजेड प्रमाण माना, कारण गाडीचं बॉनेट लोक उन्हातच उघडतात.

बाजारातल्या छापील रंगपट्ट्यांचा उपयोग बोलण्यापुरता करा. जर्मनीचे आरएएल क्रमांक, ब्रिटिश बीएस ३८१सी, आपला भारतीय मानक आयएस ५, यांतला जवळचा क्रमांक सांगितला की दुकानदाराला दिशा कळते. पण 'बीएमसी हिरवा' म्हणजे अमुकच क्रमांक, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर सावध व्हा. कारखान्यातच वर्षागणिक छटा बदलत होत्या.

निवडलेल्या तुकड्याची परीक्षाही घ्या. त्यावर पेट्रोलचे चार थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. दुसऱ्या तुकड्यावर इंजिन ऑइल रात्रभर राहू द्या. तिसरा चालत्या गाडीच्या रेडिएटरला तारेने बांधून आठवडाभर फिरवा. रंग उतरला, फुगला किंवा पिवळा पडला तर तो पत्र्यावर पडलेला बरा.

कुठला रंग घ्यावा

ब्लॉक आणि हेड साधारण पाण्याच्या तापमानाला, म्हणजे ८० ते ९५ अंशांना चालतं. त्याला इंजिनासाठीचा उष्णता सहन करणारा इनॅमल पुरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र कित्येक शे अंशांवर जातं. त्याला ब्लॉकचा रंग दिला तर पहिल्याच फेरीत धूर आणि पापुद्रे. बऱ्याच गाड्यांत तो उघड्या बिडाचाच असे. मी तो साफ करून ग्राफाइटची पेस्ट चोळतो.

डेंटिंग-पेंटिंगवाले तुम्हाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग सुचवतील. तो टिकतो, पेट्रोलला दाद देत नाही, हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही, फुप्फुसांचं कायमचं नुकसान होतं. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. शिवाय पीयूची काचेसारखी चकाकी जुन्या इंजिनावर परकी दिसते. माझं मत इनॅमलच्या बाजूने आहे, तोही किंचित चमक मारलेला. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग लवकर वाळतो पण पेट्रोलने खराब होतो. कार्ब्युरेटर आणि पेट्रोल पंपाखाली तो टिकत नाही.

तयारी, आणि गोव्याची हवा

इंजिन उघडलेलं असेल तर सँडब्लास्टिंग करू नका. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत राहिला की बेअरिंग गेलं. वायर ब्रश, स्क्रेपर आणि धीर पुरे. गंज असेल तिथे फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक लावा, डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुवा आणि लगेच वाळवा. किनाऱ्याजवळच्या गाडीवर मिठाचा थर असतो, तो थिनरने जात नाही. आधी गोड्या पाण्याने दोनदा धुतल्याशिवाय प्रायमर मारू नका. पणजीच्या एका गाडीवर मी ही पायरी गाळली आणि वर्षभरात रंगाखाली मोहरीएवढे फोड आले.

बीड तेल पितं. वरून कोरडं दिसलं तरी गरम झालं की घाम फुटावा तसं तेल बाहेर येतं. म्हणून हीट गनने ब्लॉक हाताला चटका बसेल इतका तापवा, आलेलं तेल पुसा, गार होऊ द्या, मग थिनरने पुसा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा हे करा. गरम लोखंडावर थिनर कधीच लावू नका.

आता हवा. जून ते सप्टेंबर इंजिन रंगवायचा विचार सोडून द्या, ते दिवस नमुने शोधण्याचे आणि सुटे भाग साफ करण्याचे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दव जमायचं तापमान २७ अंशांच्या आसपास असतं. फवारलेल्या रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग दोन-चार अंशांनी गार होतो, की त्यावर पाणी जमलंच. रंग दुधाळ, पांढुरका पडतो तो त्यामुळे. तेच ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू २१ अंशांवर जातो आणि तुम्ही निर्धास्त. साधा आर्द्रता दाखवणारा काटा भिंतीवर टांगा. डिसेंबर ते मार्च, सकाळी दहा ते दुपारी तीन ही माझी वेळ. कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी दर तासाला सोडा आणि नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावा.

काय झाकायचं, काय उघडं ठेवायचं

पॅकिंग बसण्याच्या सगळ्या जागा, आटे, प्लगची भोकं, मॅनिफोल्ड टेकतो ती बाजू आणि बॅटरीची अर्थिंगची पट्टी जोडायची जागा झाका. अर्थिंगखाली रंग गेला तर सेल्फ कुंथत राहतो आणि तुम्ही बॅटरी बदलत बसता. इंजिन नंबरावर रंगाचा जाड थर नको. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदता येतं. त्या तपासणीत नंबर ठसठशीत वाचता आला पाहिजे. तिथे फक्त पातळ एक हात.

नट-बोल्ट मात्र काढून वेगळे चमकवू नका. अनेक कारखान्यांत इंजिन जोडून झाल्यावर फवारा मारत, त्यामुळे बोल्टचे माथे, पॅकिंगची कड, ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या चकत्या सगळ्यांवर तोच रंग येई. चकचकीत बोल्ट आणि रंगाची रेघ चुकूनही न सांडलेलं पॅकिंग सुंदर दिसतं, पण कारखान्यातून तसं इंजिन कधी निघालं नव्हतं. तुमच्या इंजिनावर काय होतं ते जुन्या बोल्टचा माथा घासून बघा.

रंग मारणे

प्रायमरचा एकच पातळ हात. मग ओतकामातले खोल कोपरे, बरगड्यांच्या मागच्या बाजू ब्रशने आधी भरून घ्या, कारण फवारा तिथे उलटून येतो. नंतर गनने पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहील. दहा-पंधरा मिनिटं थांबा, दुसरा हात ओलसर. बहुतेक वेळा इथेच थांबायचं. तिसऱ्या हाताचा मोह होतो, पण जाड थर कडांवरून टवके काढतो आणि ओतकामाचा खरखरीत पोत बुजवतो. तो पोत दिसला पाहिजे. गन नसेल तर चांगल्या ब्रशने मारलेला इनॅमलही शोभतो.

आठ दिवस हात लावू नका. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा पाणी गरम होईपर्यंत चालवा, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, असं तीनदा. थोडा वास, थोडा धूर येईल, घाबरू नका. ब्रेक ऑइलचा थेंब मात्र लगेच पाण्याने धुवा, तो रंग सालीसारखा सोलतो.

त्या मॉरिसचं इंजिन आता हिरवं आहे. मालकाच्या आईने बॉनेटखाली वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हो, लहानपणी असंच होतं. मी विसरले होते." डायनॅमोच्या ब्रॅकेटखालचा तो नखाएवढा तुकडा आम्ही रंगवला नाही. त्यावर टेप लावून भोवतीने रंग मारला, टेप काढली आणि ब्रॅकेट परत बसवली. रंगाचं प्रमाण लिहिलेला पत्र्याचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या खणात ठेवलाय, आणि त्यावर मार्करने लिहिलंय: मूळ नमुना डायनॅमोखाली आहे, घासू नये.